कुठे मेलास

आमच्या ऑफिसात मोठी मीटिंग असली की आधी चहा येतो आणि मग एकमेकांच्या कल्पनांची वाट लावली जाते. त्या दिवशी चहाला उशीर झाला आणि त्याच्या आधी समोरच्या पडद्यावर एक तुटलेला पाय आला.

पाय खोटा होता, रबराचा. आमच्या दिग्दर्शकाने मेकअपवाल्यांना दोन दिवस बसवून तो करून घेतला होता. या दिग्दर्शकाला आम्ही गॉगल म्हणतो, कारण हा गृहस्थ लिफ्टमध्येसुद्धा काळा चष्मा काढत नाही. जाहिरात वाहतूक खात्याची होती. वेगाने गाडी चालवू नका, एवढं एक वाक्य सांगायला तीस सेकंद. त्या तीस सेकंदांत गॉगलने गाडी तीनदा उलटवली होती, काच फोडली होती, बादलीभर रक्त ओतलं होतं आणि शेवटी तो पाय रस्त्याच्या कडेला ठेवून त्यावर माश्या बसवल्या होत्या.

खात्याचे साहेब खुर्चीत पुढे सरकून बघत होते. भला माणूस. अपघातांच्या जागी जाऊन जाऊन वेळेआधी म्हातारा झालेला. "रक्त जरा वाढवता येईल का?" त्यांनी विचारलं. "माझं म्हणणं, बघणाऱ्याला दरदरून घाम फुटला पाहिजे. घास घशाखाली उतरता कामा नये."

"वाढवू की," गॉगल म्हणाला. "दुसरा पायपण तयार आहे आपल्याकडे."

माझं डोकं फिरलं. या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. साबण, पंखे, गुडघ्याचं मलम, जे समोर आलं त्याला मी शब्द लावलेत. तोंड जरा जास्त चालतं म्हणून माझ्या पाठीमागे मला मिरची म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी ठरवून आले होते की गप्प बसायचं. या विषयावर तर नक्कीच गप्प बसायचं.

"साहेब, घास उतरतो," मी म्हणाले. "लोक जेवताना बातम्यांत याच्या दुप्पट रक्त बघतात आणि वर मीठ मागतात. असला पाय बघून माणूस काय म्हणतो? अरेरे, बिचारा. बिचारा म्हटलं की तो दुसरा कोणीतरी झाला. मग हा उठतो, हात धुतो आणि परत शंभरावर गाडी काढतो."

"मग काय दाखवायचं?" साहेबांनी विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं त्यांनी. तिथेच घोटाळा झाला.

"काही दाखवू नका. गाडी उलटते ती लांबून दाखवा. मग सगळं शांत. धूळ खाली बसते. मग कुठेतरी आत फोन थरथरतो. पोलिसाचा हात फोन उचलतो, चुकून बोट लागतं आणि आईचा मेसेज वाजतो. रडका नाही, चांगला वैतागलेला. 'मेल्या, कुठे मेलास? ताटं वाढलीयत.' बस. संपली जाहिरात."

चहा घेऊन आलेला माणूस ट्रे हातात धरून दारातच उभा राहिला. हिशेब बघणाऱ्या बाई उठून बाहेर गेल्या, त्यांचा मुलगा मोटरसायकल चालवतो. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माझी आईपण हेच म्हणायची. शब्दन् शब्द हेच."

"सगळ्यांचीच म्हणते," गॉगल म्हणाला. त्याने पाय बंद केला. "मिरचीबाई, हे कुठून आणता हो तुम्ही?"

"सुचलं," मी म्हणाले.

सुचलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

माझ्या आईच्या तोंडी 'मेला' हा शब्द बसता उठता असायचा. दूधवाला उशिरा आला, मेला. फ्रीजचं दार नीट लागेना, मेलं. मांजर ओट्यावर चढलं, उतर मेल्या. मी शाळेत पहिली आले तेव्हा माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली होती, "मेले, एवढा अभ्यास कधी केलास, कळूही दिलं नाहीस." माया जितकी जास्त तितका हा शब्द जास्त, आणि सगळ्यांत जास्त तो माझ्या भावाच्या वाट्याला यायचा. त्याला घरात आम्ही धाकटाच म्हणायचो. त्याचं कागदावरचं नाव मोठ्याने वाचलेलं मी शेवटी पोलीस चौकीत ऐकलं.

धाकटा गाडी हाणायचा. त्याला दुसरा शब्द नाही. त्याला घाई नसायची, उशीर झालेला नसायचा, कोणी बोलावलेलंही नसायचं, तरी हाणायचा. मी शेजारी बसले की नसलेला ब्रेक पायाने दाबत बसायचे आणि तो म्हणायचा, "ताई, तू फार भित्री आहेस." एकदा मी भर रस्त्यात उतरले आणि बसने घरी आले. आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी तो ऑफिसखाली गाडी घेऊन उभा होता, दात काढत. मी मुकाट्याने जाऊन बसले. तेव्हा बसायला नको होतं, असं मला अजून वाटतं.

तो रविवार होता. धाकटा चाळीस किलोमीटरवर राहायचा आणि जेवायला घरी येणार होता. बारा पन्नासला मोठ्या रस्त्याच्या वळणावर त्याची गाडी दुभाजकावर चढली आणि उलटली. ऐंशीची पाटी होती तिथे तो एकशे तीसवर होता. जागच्या जागी गेला. इकडे आम्हाला काही पत्ता नाही. एक बावीसला आईने ताटं वाढली, कंबरेवर हात ठेवला आणि फोनमध्ये मेसेज सोडत ओरडली, "मेल्या, कुठे मेलास? ताटं वाढलीयत." मी शेजारीच उभी होते. मला हसू आलं होतं.

दोन वाजता फोन आला. आईला इस्पितळात बसवून मी पोलीस चौकीत गेले, तिथे त्याचा फोन माझ्या हातात दिला. काचेला तडा होता, पण चालू होता. आईचा मेसेज न ऐकलेला, त्याच्याशेजारी तो ठिपका तसाच. माझं बोट चुकून लागलं आणि आईचा आवाज चौकीभर झाला. लिहिणाऱ्या हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि भिंतीकडे बघत बसला.

मी इस्पितळात परत आले तर आई प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसलेली. रडत नव्हती. तिने मला एकच विचारलं.

"माझा मेसेज ऐकला का त्याने?"

आता काय सांगायचं? नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार की का नाही. मग सांगावं लागणार की आई, तू ज्याला विचारलंस कुठे मेलास, तो आधीच मेलेला होता. ते मला तिच्या तोंडावर बोलवेना. मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि म्हणाले, "ऐकला गं. शेवटचा तुझाच आवाज ऐकला त्याने."

ओळ चांगली जमली, असं तेव्हाही डोक्यात कुठेतरी वाटून गेलं. सांगायला लाज वाटते, पण वाटून गेलं. तेव्हा अठरा वर्षांची सवय. समोरच्याला काय हवंय ते ओळखायचं आणि त्याला ते दोन सोप्या वाक्यांत द्यायचं. आईने मान हलवली आणि त्या विषयावर पुन्हा कधी एक शब्द काढला नाही. तिने ती गोष्ट परत परत ऐकत बसू नये म्हणून त्याच रात्री मी तिच्या फोनमधून तो मेसेज पुसून टाकला.

तेव्हापासून आईच्या तोंडून तो शब्द गेला. दूधवाल्याला 'अहो' म्हणायला लागली. मांजरालासुद्धा "खाली उतर बरं" म्हणते. बायका म्हणतात, दुःखाने माणूस किती मऊ होतो बघा. मला तिचा तो मऊपणा डोळ्यांपुढे नको व्हायचा. आणखी एक झालं. पूर्वी मला ऑफिसात दहा मिनिटं उशीर झाला की तिचे चार फोन यायचे. आता एकही येत नाही. रोज संध्याकाळी न चुकता दोन शब्द येतात, "सावकाश ये." बाकी काही नाही. मला वाटायचं, थकली बिचारी, आता तिला कशाचीच घाई राहिली नाही.

तर जाहिरात मंजूर झाली. आवाजासाठी जी बाई बोलावली ती नाटकातली मोठी नटी, तीस वर्षं रंगमंचावर काढलेली. काचेपलीकडे उभी राहून तिने ओळ म्हटली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्यांदा म्हटली, आवाज कापरा झाला. सातव्यांदा म्हटली तेव्हा माझा संयम सुटला.

"ताई, तो मेलाय हे तुम्हाला माहीत आहे. तिला माहीत नाही. तिचं जेवण गार होतंय, पाय दुखताहेत, आणि कारट्याने उशीर केलाय. तिला फक्त राग आलाय."

"मग तुम्हीच दाखवा म्हणून," ती म्हणाली. रागावली होती, आणि रागावणारच.

मी आत गेले. सकाळी ऑफिसच्या बाथरूममध्ये कडी लावून मी धाकट्याचा फोन कानाला लावला होता. तो फोन मी चार वर्षं कपाटात ठेवलाय आणि दर महिन्याला चार्ज करते, का ते मला विचारू नका. आईचा हेल कानात ताजा होता. 'मेल्या'वर जोर, मग श्वास, मग बाकीचं एका दमात. मी कंबरेवर हात ठेवला आणि एकदाच म्हटलं. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा माणूस हात वर करून बसला होता. त्याने बटण दाबलेलं होतं.

"झालं," गॉगल म्हणाला. "दुसरं काही नको, हेच ठेवायचं." मग त्याने चष्मा सारखा केला, खाली गेला आणि त्याची मोटरसायकल अशी काही सुटली की तिसऱ्या मजल्यावर काचा हलल्या. आम्ही कुणाला सुधारायला निघालो होतो, देव जाणे.

आईला मी काही सांगितलं नाही. रोज ठरवायची, आज सांगू, आणि रोज तोंड उघडायचं धाडस होत नसे. मग मी उलटा रस्ता धरला. ही जाहिरात आईच्या कानावर पडता कामा नये, एवढंच मला बघायचं होतं. टीव्हीची वायर मागून काढून ठेवली आणि बिघडलाय म्हणून सांगितलं. स्वयंपाकघरातल्या रेडिओचे सेल काढले. जाहिरातींवर पोट भरणारी मी, माझ्याच घरात जाहिरातींना बंदी घालून बसले होते. आईने एका शब्दाने विचारलं नाही. तिला तसंही कशाचं काही उरलेलं नाही, असं मी धरून चालले होते.

पंधरा दिवसांनी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मोतीबिंदूची तपासणी होती. सकाळचे अकरा. काउंटरवरच्या मुलीने तिच्या दोन्ही डोळ्यांत औषध घातलं आणि सांगितलं, "आजी, अर्धा तास डोळे मिटून बसा. नंतरही दोन-तीन तास अंधुकच दिसेल." आई भिंतीलगतच्या बाकावर डोळे मिटून बसली, मी शेजारी. समोर आठ-दहा माणसं, सगळी अशीच डोळे मिटून. आणि त्यांच्या डोक्यावर, ज्याला बघणारं तिथे कोणी नव्हतं, असा एक टीव्ही चालू होता.

गाडीच्या इंजिनाचा पहिला आवाज आला तेव्हाच मी ओळखलं. तो आवाज मी शंभर वेळा ऐकला होता. मी ताडकन उठले, काउंटरकडे धावले. मुलगी फोनवर कुणाला तरी वेळ देत होती. "रिमोट," मी म्हणाले, "रिमोट कुठाय?" तिने एक बोट वर केलं, एक मिनिट थांबा म्हणून. माझ्याकडे मिनिट कुठलं होतं? मागे टायर घासले. पत्रा चेपला. मग ती शांतता, जिच्यासाठी मी गॉगलशी दोन तास भांडले होते आणि चार सेकंदांवर तडजोड केली होती. फोन थरथरला.

"मेल्या, कुठे मेलास? ताटं वाढलीयत."

डोळे मिटलेली सगळी माणसं जागच्या जागी हलली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "काय हे. दवाखान्यात कसलं लावतात." कोपऱ्यातल्या एका बाईने डोळे किलकिले करून पर्समधून फोन काढला आणि लावला. "कुठे आहेस रे? काही नाही. सहज केला. सावकाश ये." म्हणजे जाहिरात लागू पडत होती. साहेब तिथे असते तर खूश झाले असते.

मी आईशेजारी येऊन बसले. तिचे डोळे मिटलेलेच होते. औषधाचं पाणी गालावर आलं होतं, ते तिने पदराने टिपलं.

"आवाज तुझा होता," ती म्हणाली.

"हो."

"बोलणं माझं."

"हो. आई, मी तुला सांगणारच होते, खरंच..."

"थांब. मला आधी सांगू दे. त्यात एक चूक आहे."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर उठून निघून जाईल. जाहिरातीत खोट काढेल हे ध्यानीमनी नव्हतं. "कसली चूक?"

"आधी गाडी आपटली आणि मग मेसेज आला. असंच ना? की कानांचंही काही बिघडलं माझ्या?"

"असंच आहे."

"मग क्रम चुकला तुमचा." ती समजावून सांगत होती, लहानपणी गणित समजावायची तसं. "आधी मेसेज आला पाहिजे. तो ऐकतो. आई चिडली म्हणतो आणि गाडी दामटतो. मग आपटते. तुला तर माहीत आहे, तूच सांगितलंस मला की त्याने ऐकला म्हणून. मग उलटं का लिहिलंस? मला वाईट वाटेल म्हणून? तसं नको करू. खरं दाखवा. पोरांना सांगून काय उपयोग, पोरं ऐकत नसतात. आयांना सांगा. घरी बसून घाई करू नका म्हणावं. मी तुला चार वर्षांत एकदा तरी विचारलं का, कधी येतेस म्हणून? जीभ चावते, पण विचारत नाही."

रोजचं ते 'सावकाश ये' मी वाचायची आणि फोन परत पर्समध्ये टाकायची. चार वर्षं रोज. ती थकली म्हणून घाई करत नाही, असं समजून मी निवांत होते. आणि ही घरी रोज संध्याकाळी स्वतःला कोर्टात उभं करत होती. त्या प्लास्टिकच्या खुर्चीपुढे बसून मी तिला चांगली ओळ दिली होती, त्या ओळीने हिचं हे केलं होतं.

"आई, त्याने ऐकला नाही."

"काय?"

"तुझा मेसेज. त्याने ऐकलाच नाही. तो मेसेज आला तेव्हा तो... तेव्हा अपघात होऊन गेला होता. मी तेव्हा खोटं बोलले. तुला बरं वाटावं म्हणून बोलले. जाहिरातीत आहे तोच क्रम खरा आहे."

आईने पदराने पुन्हा एकदा गाल टिपला. मग म्हणाली, "आता यातलं खरं कुठलं?"

"हे."

"तेव्हाही तू असंच म्हणाली होतीस. माझ्या डोळ्यांत बघून." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसत नव्हतं. "तुझा धंदाच शब्दांचा. मला बरं वाटावं म्हणून तू तेव्हा एक बनवलंस, आता दुसरं बनवशील. मी कशावरून धरू?"

"त्याचा फोन आहे माझ्याकडे. त्यावर वेळ आहे."

रेकॉर्डिंगच्या दिवसापासून तो माझ्या पर्समध्येच पडून होता. मी मेसेज काढून फोन तिच्या हातात दिला. तिने तडा गेलेल्या काचेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग डोळे उघडले. बुबुळं मोठी, काळीभोर झालेली. फोन जवळ धरला, लांब धरला, परत जवळ धरला.

"दिसत नाही."

"मी वाचते."

"तू नको." ती काउंटरच्या दिशेने वळली. "अहो, जरा इकडे येता का? एवढं वाचून दाखवा मला."

मुलगी आली, वाकली. "काय वाचायचं, आजी? हा आवाजाचा मेसेज आहे."

"खाली वेळ लिहिली असेल."

"दुपारी एक वाजून बावीस मिनिटं. वर तारीख आहे, चार वर्षांपूर्वीची."

"आणि तुझा कुठला कागद?" आईने मला विचारलं. पोलिसांच्या कागदाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. मी तो मुलीपुढे धरला. मुलीने चांगलं स्पष्ट वाचलं, डोळ्यांच्या पेशंटसाठी वाचतात तसं. "अपघाताची तारीख तीच. वेळ दुपारी बारा पन्नास." वाचून झाल्यावर तिला काय ते कळलं. तिने वर टीव्हीकडे बघितलं, मग आमच्याकडे. फोन हळूच आईच्या मांडीवर ठेवून ती मागे सरली.

आईने बोटांच्या पेरांवर मोजलं.

"बत्तीस मिनिटं."

"हो."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तो मेलेला होता."

चार वर्षांत तो शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा आला. मी हो म्हणाले.

"माझ्या बोलावण्याने नाही गेला."

"नाही गं आई. त्याला कुणीच घाई केली नव्हती. तो तसाच चालवायचा. तुझ्यासाठी धावत येत नव्हता तो." तिचं ओझं उतरावं म्हणून मी हे म्हणाले. इतकं होऊनही मी शिकले नव्हते. तिचा चेहरा इतका वेळ दगडासारखा होता, तो त्या शेवटच्या वाक्याने मोडला.

"मला वाटायचं," ती म्हणाली, "निदान माझ्याकडे यायच्या घाईत गेला."

माझ्याकडे एकही ओळ नव्हती. म्हातारे गृहस्थ डोळे मिटून बसले होते आणि ऐकत होते, सगळेच ऐकत होते.

"मग क्रम बरोबर आहे तुमचा," आई शेवटी म्हणाली. "राहू दे तशीच जाहिरात. काही बदलू नका."

आतून आमचा नंबर पुकारला. ती उठली आणि तिने हात पुढे केला, मी धरला. पण ती पाऊल उचलेना. माझं मनगट तिने इतकं घट्ट आवळलं की नखं रुतली.

"चार वर्षं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "चार वर्षं रोज जेवायला बसले की मीच त्याला मारत होते. आणि तू समोर बसून घास गिळत होतीस, मेले."

आतून दुसऱ्यांदा नंबर पुकारला. तिने माझा हात सोडला नाही. डोळ्यांत औषध होतं, समोरचं दार तिला दिसत नव्हतं.